मागे न फिरणारं कडं

आमच्या मोठ्या भाऊजींनी आयुष्यात एकदाही माघार घेतलेली नाही. चुकीच्या बसमध्ये बसले तरी शेवटच्या थांब्यापर्यंत जातात आणि उतरून म्हणतात, "मला इथंच यायचं होतं." अशा माणसाने अवजार बनवायला घेतलं, तेव्हाच मी ओळखलं, हे अंगाशी येणार.

अवजार तसं साधं. विजेच्या मोटारीला जोडायची दांडी आणि तिच्याभोवती घासायचे चार दगड. वरचं कडं फिरवलं की आतला शंकू सरकतो, दगड बाहेर ढकलले जातात आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीला भिडून ती घासून गुळगुळीत करतात. दगड झिजले की कडं आणखी फिरवायचं. पण ते एकाच बाजूला फिरायचं. मागे घ्यायची सोयच नव्हती.

"मागे का येत नाही?" मी विचारलं.

"अगं, दगड झिजतात. वाढलेले पाहिलेस कधी?"

आमच्या ह्यांनी कौतुकाने मान डोलावली. दादा बोलले की ह्यांची मान आपोआप हलते. भाऊजींनी झाकणही रिव्हेट मारून बंद केलं होतं, कुणा अडाण्याने उघडू नये म्हणून. अडाणी म्हणजे मी. वर्कशॉप मी चालवते, हा तपशील त्यांच्या लेखी किरकोळ.

चाचणीसाठी त्यांचा डोळा होता बर्फाच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या सिलिंडरवर. तो दुरुस्तीला आलेला. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, तसा दुसरा मिळणं अशक्य. आणि बर्फवाले तुटले असते तर आमचं वर्कशॉपच बसलं असतं. मी साफ नाही म्हटलं. मग मी जेवायला घरी गेले आणि दोघा भावांनी डाव साधला.

परत आले तर मोटार गुरगुरून बंद पडलेली आणि अवजार सिलिंडरमध्ये घट्ट रुतलेलं. भाऊजींनी कडं जरा जास्तच फिरवलं होतं. चौकशीला आलेले बर्फवाले स्टुलावर कपाळाला हात लावून बसले होते.

"मोठी मोटार लावा," भाऊजी म्हणाले. "अवजार आपली जागा आपण करून घेईल."

"सिलिंडर खाऊन? मग पिस्टन आत पोहायला लागेल!"

"पिस्टन मोठा करून देतो ना मी."

"अहो, तिकडे माझा बर्फ वितळतोय!" बर्फवाले रडकुंडीला आले.

मार्ग एकच होता. बाहेर डोकावणारं कडं कापलं की शंकू सैल पडणार होता. मी ग्राइंडर उचलला, तर भाऊजी अवजारावर हात ठेवून उभे राहिले.

"एकुलता एक नमुना आहे हा. आधी मला कापा!"

तसा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं, मान हलायची वाट बघत. मान हलली नाही. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. ह्यांनी माझ्या हातातून ग्राइंडर घेतला आणि चष्मा चढवला.

"दादा," हे म्हणाले, "जरा मागे सरका."

हे कुणाला म्हटलं जातंय ते भाऊजींना आधी कळेचना. मग ते एक पाऊल मागे गेले. ठिणग्या उडाल्या तसे आणखी एक. कडं तुटून खाली पडलं आणि घरंगळत बाकाखाली गेलं. दगड सैल झाले, सिलिंडर शाबूत सुटला. मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

भाऊजी तोवर पार भिंतीला टेकले होते.

"इथून छान दिसतं," ते म्हणाले. "मला इथंच उभं राहायचं होतं."