एका गड्ड्याची पाणजाई

पडेगावच्या तळ्यातली पाणजाई तीन वर्षं फुलत होती, पण बी काही धरत नव्हती. चिखलात उभे राहणारे ते पांढरे तुरे मंजुळाबाईंनीच दुष्काळातून जगवलेले. रोज सकाळी न्हाणं झालं की एक तुरा खुडून काठावरच्या महादेवाला वाहायचा, तोवर तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं त्यांचं व्रत. आता जेमतेम अकरा झाडं उरली होती.

विद्यापीठातल्या आशाबाई पानं तपासायला घेऊन गेल्या होत्या. त्या सोमवारी त्या परत आल्या.

"मावशी, चितेगावच्या ओढ्यातही हीच पाणजाई आहे. तिथलं प्रत्येक झाड वेगळ्या रक्ताचं निघालं. तुमची अकराच्या अकरा मात्र एकच. आणि स्वतःच्याच परागानं हिला बी धरत नाही."

मंजुळाबाईंचा हात तुऱ्यावरच थांबला. "एकच हाय, बाई. दुष्काळात एकच गड्डा वाचला, त्योच फोडून फोडून लावत गेले. मल्हारी चितेगावचं रोप आणत होता, मीच नको म्हणलं. देवाच्या झाडात परकं कशाला?"

मल्हारी, त्यांचा धाकटा दीर, मेंढरं पाण्यावर घेऊन आला होता. तो फिसकन हसला. "वयनी, कळपात एक मेंढा दोन सालाच्या वर ठिवला तर माझ्या नावानं बोंब मारतीस. 'पिल्लं खुरटी निघत्यात, जा, दुसऱ्या कळपाशी बदलून आण.' आन् देवाच्या कळपाला एकच मेंढा व्हय?"

"लई शहाणा झालास," त्या हळूच म्हणाल्या. पण बोलणं पटलं होतं. "उद्या तिकडचे तुरे आण. ओल्या फडक्यात."

दुसऱ्या दिवशी, कुंकू लावावं तसा, त्यांनी बोटानं चितेगावचा पराग आपल्या तुऱ्यांना लावला.

"आता बी पिकेपर्यंत हे खुडायचे नाहीत," आशाबाई बिचकतच म्हणाल्या. व्रत त्यांना ठाऊक होतं.

मंजुळाबाईंनी महादेवापुढं बेलाचं पान ठेवलं. "तुझं फूल जागच्या जागी वाहिलंय, देवा. तिथंच घे." आणि निवांतपणे पाणी प्यायल्या.

दसऱ्याआधी बोंडं फुगली. त्यांनी ओंजळभर बी निवडलं, अर्धं तळ्याकाठी टोचलं, अर्धं मल्हारीच्या उपरण्यात बांधलं.

"हे कुठं?"

"चितेगावच्या ओढ्यात. मेंढा आणला तर मेंढा द्यायला नको?"