सत्यभामेच्या नावाचा गिलास

मित्रांनो, मी एक जुना पितळी गिलास आहे. माझा काठ दोन ठिकाणी चेपला आहे आणि आतली कल्हई कधीच उडाली. पण ते गाऱ्हाणे सांगायला मी तोंड उघडलेले नाही. मला माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे. आजवर ती मी कुणाला सांगितली नाही.

भंडाऱ्याच्या एका कासाराने मला घडवले. १९५८ साली लालबर्र्याच्या भोजराजने बहिणीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतले आणि दुकानातच नाव घालून घेतले. कासाराने बारीक छिन्नीने माझ्या पोटावर कोरले, 'चि. सौ. कां. सत्यभामा हीस, बंधू भोजराज, लालबर्रा.' दुखले खूप, पण मी फुशारून गेलो. शेजारच्या तांब्याला कुठे नाव होते?

सत्यभामा राजेगावजवळच्या एका खेड्यात नांदायला आली. नवरा शालिकराम धानाची शेती करायचा. त्या घरात तिचे नाव कुणी घेत नसे. सासू 'सूनबाई' म्हणे, शेजारणी 'शालिकरामची बायको' म्हणत, आणि नवऱ्याने बायकोचे नाव घ्यायचे नाही ही तर रीतच होती. मुलगी झाल्यावर ती 'साधनाची माय' झाली. तिला वाचता येत नव्हते. तरी मला चिंचेने घासताना ती त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. तिचे नाव त्या घरात फक्त माझ्याजवळ उरले होते, पण माझ्या ते ध्यानातच आले नाही.

गावाबाहेर सडकेला लागून दुलीचंदची कलारी होती, म्हणजे मोहाच्या दारूचे दुकान. दोन बाकडी, एक चूल, आणि चुलीपाशी मैनाबाई. ती भजी तळायची, नदीच्या मासळीचा झणझणीत रस्सा आणि भात वाढायची. दारू पळसपानांच्या दोन्यांत, म्हणजे द्रोणांत मिळे, नाहीतर दुकानातल्या चार पेल्यांत. त्या चार पेल्यांना साऱ्या गावाची तोंडे लागत. शालिकरामला ते खपेना. प्यायची तर रोज, पण दुसऱ्याच्या उष्ट्याला ओठ लावायचे नाहीत, असा त्याचा सोवळेपणा! एक दिवस त्याने मला धोतरात गुंडाळून कलारीत नेले. घरी सांगितले, गिलास नदीत वाहून गेला.

मला त्याने तिथल्या कोनाड्यात ठेवले आणि दुलीचंदला बजावले, "माह्या गिलासाले कोनाचा हात नाही लागला पाह्यजे."

"हौ हौ," दुलीचंद म्हणाला, आणि शालिकरामची पाठ वळताच त्याने मला दुसऱ्याच्या हातात दिले.

तेव्हा सीमेपलीकडे महाराष्ट्रात दारूबंदी होती, आमच्या बाजूला नव्हती. तिकडची माणसे सीमा ओलांडून आमच्याकडे येत आणि बाकडी अपुरी पडत. त्यांतल्या एकाने माझ्यावरचे नाव मोठ्याने वाचले. झाले! त्या दिवसापासून सगळे ओरडू लागले, "अरे, सत्यभामेले इकडे धाडा!"

आणि मित्रांनो, लाज याचीच वाटते, मला ते आवडले. घरी मी फळीवर गुपचूप उभा असे. इथे माझ्यासाठी ओढाताण चाले. मी चमकून घेत होतो. शालिकराम कोपऱ्यात बसून सारे ऐकायचा. हे माझ्या बायकोचे नाव आहे, असे तो एकदाही बोलला नाही. मान खाली घालून तोही चारचौघांबरोबर हसायचा.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी गोंदियाच्या बसचे चाक कलारीसमोरच पंक्चर झाले. उतारू जेवायला आत आले. त्यांत भोजराज होता. त्याने भात आणि रस्सा मागितला. पहिला घास तोंडाशी नेला आणि मागून आरोळी आली, "सत्यभामा कोनापाशी हाय? आता माही पाळी!"

भोजराजचा हात थांबला. "कोन सत्यभामा जी?" त्याने विचारले.

"आमचीच हाय," तो माणूस मला उंच धरून म्हणाला, "साऱ्यायले पुरते."

सगळे खदखदून हसले. भोजराज ताटावरून उठला. त्याने मला हातात घेतले आणि फिरवून नाव वाचले.

"यावर दुसरं नाव बी हाय. ते काहून नाही वाचलं कोनी?" तो म्हणाला. "बंधू भोजराज. मीच तो."

मैनाबाईची भजी कढईत करपली. तेवढ्यात भोजराजची नजर कोपऱ्यात गेली. "भाऊजी, तुमी बी हासत होते," एवढेच तो म्हणाला. शालिकराम पायाच्या अंगठ्याने भुई उकरत राहिला. मला वाटले, त्या क्षणी खरेच नदीत जावे.

भोजराजने मला घरी नेऊन बहिणीपुढे ठेवले. विहिरीवरच्या बाया आपल्याकडे पाहून का हसतात, हे तिला तीन वर्षांनी कळले. ती रडली नाही. मागोमाग आलेल्या नवऱ्याला तिने विचारले, "नदीतून आला का जी?" पुढे महिनाभर तो कलारीकडे फिरकला नाही. मग जाऊ लागला, पण दोन्यातून पिऊ लागला.

सत्यभामेने मला राखेने, चिंचेने सात वेळा घासले आणि नाव भिंतीकडे करून फळीवर ठेवले. सणालासुद्धा काढले नाही. मी काळा पडलो. माझी काही तक्रार नव्हती.

१९६७ च्या दिवाळीत साधनाने फळी झाडताना मला फिरवले. ती तिसरीत होती. एकेक अक्षर जोडत तिने वाचले, "स...त्य...भा...मा. हे कोन व माय?"

सत्यभामा चुलीपाशीच थबकली. दारात शालिकराम उभा होता. त्याने मान खाली घातली.

"मीच ते," ती हळूच म्हणाली. मग पदराने हात पुसून जवळ आली. "अजून एक डाव वाच."

मित्रांनो, तुमच्या घरीही असे नाव कोरलेले एखादे भांडे असेल. ते चारचौघांत टाकून येऊ नका. आधी ज्याचे नाव आहे त्याच्यासमोर बसा आणि ते वाचून दाखवा. आमच्या घरात ते नाव वाचायला नऊ वर्षे लागली, आणि तोवर साऱ्या कलारीचे ते वाचून झाले होते.