चादरीवरची बोटं

नारायणरावांनी वर्तमानपत्र जरासे खाली घेतले आणि त्याच्या कडेवरून पाहिले. चंद्रप्रभाबाईंची बोटे चादरीवर पुन्हा हलू लागली होती.

बाई डोळे मिटून पडल्या होत्या, पण झोपलेल्या नव्हत्या. तर्जनी उचलली, टेकली. मग मधले बोट. मग मनगट किंचित वळले. पुढे बोटे भराभर थरथरल्यासारखी झाली आणि एकाएकी हवेतच थांबली. नारायणराव खुर्चीत पुढे झुकले. बोटे पुन्हा चालू झाली तेव्हा त्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. सकाळपासून ते तीच बातमी वाचत होते.

खुब्याचे ऑपरेशन झाल्यापासून रोज दुपारी हे चालले होते. बाईंच्या थोरल्या भावाला, तुळजापूरच्या दादांना, कंपवात असाच हातापासून लागला होता. पुढे पुढे दादा उंबऱ्याशी येऊन थिजायचे, पाऊल उचलायचेच नाही. नारायणराव जन्मभर ग्रंथपाल. त्यांनी कपाटातले वैद्यकाचे जुने पुस्तक काढले, थरथर आणि थिजणे अशी दोन्ही लक्षणे त्यात सापडली, आणि पुस्तक जागच्या जागी गेले. बायकोला विचारायचा धीर झाला नाही. उमरग्यातल्या निम्म्या मुलींना जिने कथक शिकवले, तिला तुझे हात कापतात म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

आज तिला वॉकर धरून पहिल्यांदा उभे करायचे होते. व्यायाम करून घ्यायला येणारी महेश्वरी अंगणात चपला काढत होती, तिथेच नारायणरावांनी तिला गाठले. घसा खाकरत, अर्धी वाक्ये गिळत सगळे सांगून टाकले. महेश्वरी आत जाऊन खुर्ची ओढून बसली आणि त्या हाताकडे पाहत राहिली.

"बाई, हे काय चाललंय वो?"

चंद्रप्रभाबाईंनी डोळे उघडले. चोरी पकडली गेल्यासारख्या हसल्या.

"नाचतीये."

"पायाला तर आमी बंदी घातलीय."

"म्हणून तर बोटांवर घेतलंय. ही बोटं म्हणजे माझी पावलं. बोल मनात म्हणायचे, समोर स्टेज बघायचं. कार्यक्रमाला जाताना एसटीतसुद्धा असंच करत जायचे. न्हाय तर पाय विसरतात."

महेश्वरीने त्यांना हात सैल सोडायला सांगितले. हात मांडीवर गप्प पडून राहिला. तिने तो उलटसुलट केला, बोटे दाबून पाहिली.

"काका, कंपवात बिंपवात काय न्हाय. उलट बरंच की. पडल्या पडल्या मनातनं चालत राहिलं की उभं राहायला सोपं जातं."

"कसला कंपवात?" चंद्रप्रभाबाईंनी विचारले.

नारायणराव चष्मा पुसू लागले. बाईंच्या सगळे ध्यानात आले.

"इतके दिवस पेपराआडून हे बघत होता व्हय? मला वाटलं, राजकारणाची गोडी लागली."

महेश्वरी तोंड फिरवून हसली. नारायणरावांनाही हसू आले. पण एक गाठ अजून सुटायची होती. पुसलेला चष्मा पुन्हा पुसत ते म्हणाले,

"पण मधेच थांबतेस ते? दर वेळी, त्याच जागी?"

"अहो, तुम्ही कॅसेट उलटता ना."

त्यांना क्षणभर काही उमगलेच नाही. मग आठवले. कार्यक्रमात कॅसेटची पहिली बाजू ऐन तराण्यात संपायची. पडद्याआड उकिडवे बसून नारायणराव ती घाबऱ्याघुबऱ्या उलटायचे, आणि बटणाचा टक् आवाज येईपर्यंत चंद्रप्रभाबाई हात उंचावून मूर्तीसारख्या उभ्या. लोकांना तो नाचाचाच भाग वाटायचा. नारायणराव मात्र आपल्यापायी दर वेळी रसभंग होतो, असेच समजत आले होते. टेपरेकॉर्डर माळ्यावर जाऊनही वर्षे लोटली होती.

महेश्वरीने वॉकर पुढे ठेवला. बाईंनी तो घट्ट धरला, ओठ मिटले आणि उभ्या राहिल्या. हळूहळू दाराच्या दिशेने चालल्या. उंबऱ्याच्या अलीकडे डोळे मिटून थांबल्या.

"दुखतंय का?" महेश्वरीने विचारले.

बाईंनी डोळे न उघडता मानेनेच नाही म्हटले. नारायणरावांनी पेपर बाजूला ठेवला, हात लांबवला आणि टेबलावर बोटाच्या पेराने एकदाच टक् केले.

चंद्रप्रभाबाईंनी पाऊल उचलले.