तेविसावी चाल

श्यामरावांनी पांढऱ्याचा वजीर मुद्दाम काळ्या घोड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला आणि छताकडे बघत बसले.

खरा वजीर कधीच हरवला होता, त्याच्या जागी बामाची बाटली होती. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या रत्नमालेनं ती बाटली उचलली, तिचं झाकण घट्ट केलं आणि जिथून आली होती तिथं परत ठेवली.

“नीट खेळा. एवढी वाईट चाल आमच्या गोंदियात म्हशीबी खेळत नाहीत.”

“चूक होते माणसाची.”

“कालपासून सात वेळा?”

डाव त्यांचा नव्हताच, दोन रशियन ग्रँडमास्टरांचा होता. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या एका रशियन इंजिनिअरनं मायदेशी परतताना बुद्धिबळाचं एक मासिक श्यामरावांना देऊन टाकलं होतं. श्यामराव तिथल्या पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात क्लार्क. रशियन नकाशांवर नंबर घालता घालता त्यांना ती अक्षरं वाचता येऊ लागली होती. मासिकातल्या डावात अडतिसाव्या चालीला काळ्यानं हार मानली होती, हात मिळवला होता आणि तो उठून गेला होता. मात झालीच नव्हती.

नागपूरच्या डॉक्टरांनी रत्नमालेच्या पोटातली गाठ बघून सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर दहात तीन आशा, नाही केलं तर दिवाळीपर्यंत. संमतीच्या कागदावर तिची सही हवी होती. तो कागद आठ दिवस देवघरात गणपतीच्या पायाखाली पडून होता, पण गणपतीची सही चालत नव्हती. शेजारचे भैय्याजी आज चारच्या गाडीनं नागपूरला निघाले होते. त्यांच्यासोबत कागद गेला तर सोमवारी ऑपरेशन, नाही तर पुढची तारीख दिवाळीनंतरची.

“एवढा मोठा खेळाडू उठून गेला,” रत्नमाला म्हणाली होती, “मंग मीच कावून बसून राहू? इथून पुढं काळं मी घेते, पांढरं तुमी. इमानदारीनं खेळा. काळा वाचला तर सही करीन.”

तेव्हापासून श्यामराव हरायचा प्रयत्न करत होते. पण पांढऱ्याचा डाव एवढा भक्कम होता की तो हरायलासुद्धा ग्रँडमास्टरच लागला असता. सकाळी त्यांनी डोळे मिटून कुठलं तरी प्यादं सरकवलं. काळा उठला नसता तर पुढं काय, याची टीप मासिकात होती; तिच्यात बघितलं तर तीच सर्वोत्तम चाल, पुढं दोन उद्गारचिन्हं.

आणि वाईट चाल केली की रत्नमाला पकडायची. तिला मासिक लागत नव्हतं, सगळ्या चाली पाठ होत्या. परवा सुरुवातीपासून डाव मांडताना तेविसाव्या चालीला उंटाचा शह लागला, तेव्हा तिनंच काळा राजा उचलून कोपऱ्यात ठेवला होता. “जाय बाबा माहेरी,” असंही म्हणाली होती.

बाहेर सायकलची घंटी वाजली.

“श्यामराव! दुर्ग स्टेशन काय तुमच्या अंगणात हाय का? साडेतीन झाले!”

“आलो, भैय्याजी!”

नाइलाजानं श्यामरावांनी बाटली काळ्या राजाच्या कोपऱ्याजवळ सरकवली. रत्नमालेनं पटावर एकदा नजर फिरवली. “दोन चालीत मात. झालं.” तिनं एक प्यादं उचलून डब्यात टाकलं. मग दुसरं. तिसरं टाकायच्या आत श्यामरावांनी तिचं मनगट धरलं. मनगट एवढं बारीक झालं होतं की त्यांना ते लगेच सोडावंसं वाटलं. सोडलं नाही.

“थांब. उडी.”

“कोन मारते उडी?”

“राजा. आपल्या खेळात राजा एक बार घोड्यासारखा उडते. लहानपणी तू तसंच खेळत होती ना?”

“हा रशियाचा डाव होय.”

“राजा तर भिलाईत हाय. पट दुर्गच्या बाजारातला, वजीर बामाचा. कायचा रशिया?”

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग तो पुन्हा जागेवर गेला.

“शह न लागलेल्या राजालेच उडी असते. एक बार शह लागला का उडी गेली.”

श्यामरावांनी मासिक उघडलं. तेविसाव्या चालीपुढं शहाची बारीक फुली होती. त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला आणि सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

“नाही लागला,” ते म्हणाले. “एक बारबी नाही.”

रत्नमालेनं पटाकडे बघितलं नाही, पानाकडेही नाही. ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

“पक्कं?”

“पक्कं.”

बाहेर घंटी लागोपाठ तीनदा वाजली.

तिनं डब्यातली दोन्ही प्यादी काढून आपापल्या घरात ठेवली. मग काळा राजा उचलला आणि कोपऱ्यातून अडीच घरं उडवून पलीकडे नेऊन ठेवला. बामाची बाटली आता रिकाम्या कोपऱ्यावर नेम धरून उभी होती.

“भैय्याजीले म्हना, दोन मिनिटं थांबा,” ती म्हणाली. “आन् तो अंगठा काढा तिथून. पेन कोनत्या हातानं देसान?”