पाठीला पाठ

कॉम्प्युटर सपोर्टचा कोर्स शोधताना दोन क्लासवाल्यांनी तिला नोकरीचं गाजर दाखवलं. तिसरीकडे शिकवणाऱ्या बाईंनी तिला एका मुलीच्या पाठीला पाठ लावून बसवलं. मुलीनं बिघडलेल्या कॉम्प्युटरवर काय दिसतंय ते सांगायचं, हिनं डोळे मिटून तो दुरुस्त करवून घ्यायचा.

"फोनवर मदत करणाऱ्याला स्क्रीन दिसते कुठे?" बाई म्हणाल्या.

मिटल्या डोळ्यांपुढे हळूहळू निळा पडदा उजळला, त्यावर बाण तरंगू लागला. "घाई नको गं. डावीकडे काय दिसतंय?" तिनं विचारलं आणि चमकली. हा तर आईचा सूर! दृष्टी गेल्यापासून आई रोज असंच विचारायची, आणि ही काहीतरी उत्तर फेकून सटकायची.

घरी आईनं विचारलं, "कुठला क्लास धरलास?"

"सांगते," म्हणत ती आईच्या पाठीला पाठ लावून बसली. "आधी तू विचार, खिडकीबाहेर काय दिसतंय."