बोलणी खाण्याचा इलाज

राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या उकंडाला संधिवात होता. दर रविवारी नर्सताई घरी येऊन इंजेक्शन देत. सुई दिसली की उकंडा पलंगाखाली शिरायचा. मग बायको, सत्यभामा, त्याला पायाला धरून ओढायची आणि सुई टोचून होईस्तोवर गल्लीला ऐकू जाईल अशी बोलायची.

एका रविवारी इंजेक्शन मिळालंच नाही. सत्यभामा सवयीनं बोललीच. संध्याकाळपर्यंत उकंडाच्या बोटांची सूज उतरली.

वणीच्या डॉक्टर भैरवी यांनी त्याला दोनदा तपासलं.

"संधिवातात शरीराची फौज आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. इंजेक्शन तिला आवरतं. पण मेंदूही नसांमधून त्या फौजेला हुकूम देत असतो. तुमच्या मेंदूनं इंजेक्शन आणि बोलणी यांची सांगड घातलीय. आता नुसती बोलणी ऐकली तरी तो फौजेला थांबवतो. इंजेक्शन मात्र सोडायचं नाही."

शेवटचं वाक्य उकंडानं कानाआड केलं.

पुढे सत्यभामा भावाकडे ढाणकीला गेली. उकंडाची बोटं आखडून मुठी झाल्या. त्यानं फोन लावला.

"सत्यभामा, मले जराशी बोल ना वं."

"कायले? काय केलं तुमी?"

"काहीच नाही."

"मंग काहून बोलू?"

फारच गयावया केल्यावर ती एकदा 'बैताड' म्हणाली, पण त्यात राग नव्हता. सूज हलली नाही.

म्हणजे गुन्हा खराच करावा लागणार होता. उकंडानं तिचा लग्नातला शालू बकरीपुढे टाकला आणि फोन करून कळवलं. सत्यभामा एक शब्द बोलली नाही. पहिल्या एसटीनं परत आली आणि तिनं अबोला धरला.

उकंडाला चहाचा कप धरवेना, तेव्हा ती त्याला मुकाट्यानं वणीला घेऊन गेली.

"बाई, तुम्ही यांच्याशी बोलत का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमीच भरवलं या मानसाच्या डोस्क्यात!" सत्यभामा फुटली. "मायनं देल्लेला शालू बकरीनं खाल्ला! डॉक्टर हाय का कोन हाय तुमी?"

भैरवी मागे सरकत भिंतीला टेकल्या. शेजारच्या खुर्चीवर उकंडाची बोटं एकेक करून उघडत होती.

"डाक्टरीनबाई, तिले आडवू नका," तो हळूच म्हणाला. "अंगठा राह्यला अजून."

डॉक्टरांनी तेवढ्यात त्याला इंजेक्शनही टोचलं. परतीच्या एसटीत सत्यभामानं शालूची हकिकत कंडक्टरला पहिल्यापासून सांगितली.