डाव्या बुटांची रास

नववीच्या मुलींमध्ये परस्परांविषयी स्नेह वाढावा, या उदात्त हेतूने शाळेने तळ्याकाठी शिबिर भरविले होते. बसमधून उतरताच मुलींनी आपापले घोळके धरले. ज्या वर्गात एकमेकींशी बोलत नसत, त्या तळ्याकाठीही बोलेनात. फरक एवढाच, की येथे भिंती नव्हत्या.

मुंगी आपल्या पिशवीवर एकटीच बसली होती. मुलगी चणीने लहान आणि सदा काही ना काही करीत असणारी, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेविले होते. शिबिरास येण्यामागे तिचा एकच उद्देश होता व तो तिने आईलासुद्धा सांगितला नव्हता. तिला शिडी परत हवी होती.

शिडी ही वर्गातील सर्वांत उंच मुलगी. दोघींची घरे एकाच जिन्यावर, समोरासमोर. बालवर्गापासून दोघींचा बाक एक, डबा एक, छत्रीही एकच. मुंगीची आई म्हणे, "माझी कोणती नि शेजारची कोणती, मी बघतच नाही, ओरडायचं झालं की दोघींना एकदम ओरडते." परंतु आठवीत तुकड्या बदलल्या आणि शिडी व्हॉलीबॉलच्या संघात गेली. नववीत दोघी पुन्हा एका वर्गात आल्या, तेव्हा ती संघातल्या मुलींबरोबर मागच्या बाकावर जाऊन बसली. भांडण असे झालेच नाही. जिन्यात गाठ पडली तर शिडी "काय गं?" म्हणे आणि उत्तर येण्यापूर्वीच पायऱ्या गाळीत खाली उतरून जाई. आपले काय चुकले असावे, याचा शोध मुंगी तेव्हापासून घेत होती. एकदा तिच्या पडण्याला आपण हसलो होतो, एकदा तिच्या वाढदिवसाला ताप आला म्हणून गेलो नव्हतो. असे अनेक अपराध तिने स्वतःच्या पदरी घालून पाहिले, परंतु एकही नीट बसेना.

खेळाच्या बाईंनी शिट्टी फुंकली.

"पोरींनो, दोन रांगा! या रांगेनं डावा बूट काढायचा आणि इथं टाकायचा. नाडी सोडायची नाही, तसाच ओढून काढा. त्या रांगेनं डोळ्यांवर रुमाल बांधून एकेक बूट उचलायचा. जिचा बूट हाताला लागेल ती तुमची जोडीदारीण. मनगटाला मनगट बांधायचं, ते संध्याकाळपर्यंत सुटणार नाही."

"बाई, आणि बाथरूमला जायचं असलं तर?"

"तेवढ्यापुरतं सोडा. आणि बाहेर थांबणारीनं गाणं म्हणायचं, म्हणजे आतलीला सोबत."

सर्व मुली हसल्या. मुंगी मात्र हसली नाही. शिडी समोरच्या रांगेत होती आणि मुंगी उचलणाऱ्यांत. याहून उत्तम योग तो कोणता? पाचवीत असताना तिने शिडीला नाडीची एक गाठ शिकविली होती. फास दोनदा फिरवायचा आणि टोक मागून ओढून घ्यायचे; मग दिवसभर धावा, गाठ सैल पडायची नाही. ही गाठ जगात आपण दोघीच बांधतो, अशी तिची पक्की समजूत होती. डोळ्यांवर रुमाल येताच इतर मुली राशीवर तुटून पडल्या. मुंगी सावकाश गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी एकेक नाडी चाचपू लागली. ती गाठ हाताला लागली, तेव्हा तिने तो धुळीचा बूट पोटाशी धरला.

रुमाल सुटला. बूट भोंग्याचा निघाला.

भोंगा ही त्याच संघातील मुलगी. सामन्यात तिचा खेळ कमी आणि आवाज जास्त. एका पायावर उड्या मारीत ती आली.

"अय्या, मी का? बरं झालं, मला वाटलं मला कुणी उचलणारच नाही!"

"ही गाठ तुला कुणी शिकवली?"

"शिडीनं. अख्ख्या टीमला शिकवलीय. तिची स्वतःची युक्ती आहे म्हणे. का गं?"

"काही नाही," मुंगी म्हणाली. "चांगली आहे."

शिडीने शिबिरासाठी नवे, बिननाडीचे, चिकटपट्टीचे बूट घेतले होते. तिचा बूट मॉनिटरच्या हाती लागला आणि त्या दोघी बांधल्याही गेल्या.

तंबू ठोकताना भोंग्याने हुकूम सोडले व मुंगीने खुंट्या मारल्या. भोंग्याच्या तोंडाला विसावा नव्हता. तिची वहिनी तिच्या दादाला कशी धाकात ठेवते, हे सर्व मुंगीला सविस्तर ऐकावे लागले. जेवणानंतर भांडी घासण्याची पाळी या जोडीकडे आली. नळावर दोघी पातेले घाशीत असताना शिडी आणि मॉनिटर आपल्या तंबूचे पातेले घेऊन आल्या.

अशी संधी पुन्हा यायची नाही, हे मुंगीने ओळखले.

"मला शिडीशी जरा बोलायचंय," ती म्हणाली.

"बोल की," भोंगा म्हणाली.

"एकटीशी."

भोंग्याने बांधलेल्या मनगटांकडे पाहिले. "मी कान झाकते हवं तर. पण माझा एकच हात मोकळा आहे."

आणि तिने खरोखरच एक कान झाकला. मॉनिटर झाडाच्या शेंड्याकडे पाहू लागली.

"तू माझ्यावर रागावलीस का?" मुंगीने विचारले.

"मी? नाही गं. कशाला रागावू?"

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

शिडी विचारात पडली. ती टाळाटाळ करीत नव्हती. खरोखर आठवून पाहत होती.

"आपण बोलत नाही का?" ती म्हणाली. "खरं सांगू, मुंगे? माझ्या लक्षातच आलं नाही."

तिने पातेले विसळले, मुंगीच्या खांद्यावर ओल्या हाताने थोपटले आणि मॉनिटरला ओढीत ती निघून गेली. चालण्यात घाई नव्हती की संकोच नव्हता.

अपराध सापडला असता तर क्षमा मागता आली असती. इतके दिवस मुंगीने क्षमेचे शब्दसुद्धा जुळवून ठेविले होते. आता ते कोणाला म्हणून दाखवावेत? ती पातेल्याची स्वच्छ झालेली बाजू पुन्हा घासू लागली.

 भोंगा कधी नव्हे इतक्या हळूच म्हणाली, "एका कानानं ऐकलं मी. मुद्दाम नाही हं."

"असू दे."

"रडणार आहेस का? रड हवं तर. फक्त आधी सांग, म्हणजे मी तिकडे तोंड करते. जमेल तेवढं."

मुंगीला हसू आले. ते फार नव्हते, पण आले.

"नाही रडत," ती म्हणाली. "तुझी वहिनी काय म्हणाली मग दादाला?"

"कुठपर्यंत सांगितलं होतं?"

"मला माहीत नाही. मी ऐकत नव्हते."

"पहिल्यापासून सांगू?"

"सांग," मुंगी म्हणाली आणि तिने नळ बंद केला.